घरच्या कोंबड्या-बकऱ्या: कुठली खायची आणि कुठली पाळायची हे आधीच कसं ठरवायचं

मे महिन्यात मुंबईची पोरं गावी येतात, खळ्यात फिरणाऱ्या एखाद्या कोंबड्याला बिस्किटं घालतात, त्याचं नाव राजा ठेवतात, जूनमध्ये शाळेला परत जातात आणि गटारीच्या आदल्या दिवशी व्हिडिओ कॉल करून म्हणतात आजी राजाला दाखव ना. आता आजीने काय दाखवायचं? आणि हे फक्त मुंबईच्या पोरांचं नाही, दापोली, गुहागर, मालवण साइडला जागा घेऊन राहायला आलेली मंडळी हौसेने दहाबारा गावठी पिल्लं आणतात, सहा महिन्यांनी अंगणात चारपाच कोंबडे एकमेकांची डोकी फोडत असतात आणि घरात एकाचीही सुरी धरायची तयारी नसते. म्हणून हे लिहितेय. मटण खावं की खाऊ नये यावर मी काही बोलणार नाही, ते ज्याचं त्याने बघावं. पण घरात जनावर आणणार असाल तर ते ताटातलं की दारातलं हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, ते आपण ठरवतो, तर मग आधी ठरवा आणि घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

आणायच्या आधी हिशोब

पिल्लं विकणारा काहीही सांगो, निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असणार. गावठीत ते लहानपणी नीट ओळखता येत नाहीत, दीडदोन महिन्यांनी तुरा आणि चाल बघून कळायला लागतं. आठदहा माद्यांमागे एक कोंबडा भरपूर झाला. "असू देत की सगळेच, खातायत किती" असं म्हणणाऱ्यांनी एकदा जास्त कोंबडे असलेल्या खुराड्यातली कोंबडी उचलून बघावी, नर सारखे पाठीवर चढून तिथली पिसं पार गेलेली असतात आणि खालचं लाल कातडं दिसत असतं, कधी त्यावर ओरखडे. म्हणजे सगळ्यांना जीवदान दिलं की ते माद्यांच्या पाठीवर वसूल होतं. हे ज्याला पटतं त्याला बाकीचं पटवावं लागत नाही.

तेव्हा आणायच्या दिवशीच तीन वाटण्या करा. जास्तीचे नर खायचे किंवा विकायचे. माद्या अंड्यांसाठी. आणि एखाददुसरं जनावर घरातलं, म्हणजे ते म्हातारं होऊन मरेपर्यंत आपल्याकडे. अंड्यांच्या माद्यांचं पण पुढचं ठरवून ठेवा कारण गावठी कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते आणि दोनतीन वर्षांनी ती पण कमी होतात, पण नीट सांभाळली तर कोंबडी त्यानंतरही बरीच वर्षं जगते. अंडी बंद झाल्यावर ती फुकट खाणार आहे ते चालणार आहे का? चालणार असेल तर उत्तम, नसेल तर तेव्हा भांडणं नकोत, आज बोला.

मागणीचा अंदाज ठेवा. आषाढ अमावस्येच्या आधीचा आठवडा, जत्रा, राखणीचे दिवस (राखणदार देवाला कोंबडा द्यायचे), काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो तेव्हा, अशा वेळी शेजारीपाजारी येऊन विचारतातच, "कोंबो आसा काय गो?" राखणीला काहींना ठराविक रंगाचाच लागतो आणि नेमका तो रंग तुमच्या लाडक्याचा निघतो. त्यावेळी घरात कोण हो म्हणेल आणि कोण नाही हे ठरलेलं नसेल तर आजी विकून मोकळी होते आणि संध्याकाळी पोरगी जेवत नाही.

वेळ जुळवायची

गावठी कोंबडा खाण्याजोगा व्हायला पाचसहा महिने लागतात. ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या आसपास जातो, ते गणित इथे चालत नाही. खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवल्यापासून २१ दिवसांनी पिल्लं, म्हणजे गटारीला कोंबडे हवे असतील तर पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीत निघायला हवीत. जून-जुलैत बसवूच नका, ओलाव्याने पिल्लांना रक्ती हगवण लागते आणि निम्मी जातात.

आता गंमत अशी की फेब्रुवारीतले नर मे महिन्यात बरोब्बर तीन महिन्यांचे असतात, नुकती बांग शिकत असतात, आवाज फुटलेल्या पोरासारखी, आणि नेमका तोच काळ पोरांच्या सुट्टीचा. पोरं हसून हसून लोळतात आणि त्यातल्याच एकाला पकडून मांडीवर घेतात. म्हणून मे महिन्यात पोरं आली की त्यांची ओळख मुद्दाम राहणाऱ्या जनावरांशी करून द्या. ही तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, हिची अंडी तू गोळा कर. ही मांजर. हे वासरू. कोंबड्यांना दाणे घालायचं काम मोठ्या माणसाने करायचं. ज्याच्या हातचं खातं त्याच्या मागे येतं आणि जो मागे येतो तो कापवत नाही, यात काही गूढ नाही.

नाव ठेवायचं की नाही

आमच्या आजीची पद्धत सरळ होती, "तेका नाव घालू नको, मगे खातलस कसा?" चांगला नियम आहे पण पोरांवर चालत नाही, तुम्ही बंदी घातली तर पोरं गुपचूप ठेवतात आणि मग तुम्हाला कळतही नाही की कुठल्या कोंबड्याचं नाव काय. त्यापेक्षा एक माफी द्या. एका बॅचमागे एकच नाव, नाव पडलं की तो राहणार, पण दुसऱ्याला नाव मिळणार नाही आणि ज्याने नाव ठेवलं त्याने सुट्टीभर खुराडं झाडायचं. दोनतीन दिवस शेण-विष्ठा काढली की नाव ठेवायचा उत्साह आपोआप निवडक होतो. बाकीच्यांना नुसतं वर्णनाने हाक मारा, लाल तुऱ्याचा, लंगडा, बोडक्या मानेचा. वर्णनाचं पण नाव होतंच शेवटी, मान्य आहे, पण वेळ लागतो.

माफीच्या जनावराला खूण हवीच, कारण सणाच्या आदल्या संध्याकाळी अंधारात चुलतभाऊ येऊन जो हाताला लागेल तो उचलतो. पोल्ट्रीचं सामान मिळतं तिथे पायात घालायच्या प्लास्टिकच्या रंगीत रिंगा मिळतात, त्या घाला. लोकर किंवा सुतळी बांधू नका, कोंबडा वाढतो, पाय जाड होतो आणि सुतळी आत रुतते, वरून पिसांमुळे दिसत नाही, दिसते तेव्हा पंजा काळा पडलेला असतो. रिंग पण पंधरा दिवसांनी फिरवून बघा, फिरली पाहिजे.

बकरीचं जरा वेगळं

बकरीत लळा लवकर लागतो आणि खोल लागतो. आमच्या सिंधुदुर्गात कोकण कन्याळ ही जात आहे, लांब पायांची, तोंडावर नाकापासून कानापर्यंत पांढरे पट्टे, पावसाला टिकणारी, आणि तिची करडं दिसायला इतकी गोड असतात की विचारू नका. साधारण १५० दिवसांनी बकरी विते, बऱ्याचदा जुळी, आणि त्यातलं एक अशक्त निघालं की घरातलं कोणीतरी त्याला बाटलीने दूध पाजायला घेतंच. तिथेच सगळं ठरतं. बाटलीवर वाढलेला बोकड स्वतःला माणूसच समजतो, पडवीत झोपतो, हाक मारली की येतो. शक्य असेल तर दुसऱ्या व्यालेल्या बकरीला लावा. नसेल शक्य तर बाटली पाजताना स्वतःशी कबूल करा की हा आता विकला जायचा नाही, किंवा विकताना घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं असणार आहे.

यात कोकणी मुसलमान घरांकडून शिकण्यासारखं आहे. बकरी ईदचा बोकड बरेच जण काही महिने आधी आणून घरी सांभाळतात, चांगलंचुंगलं घालतात, पोरं त्याला फिरवायला नेतात, आणि पहिल्या दिवसापासून पोरांना माहीत असतं की हा कुर्बानीचा आहे. बोकड किमान वर्षाचा आणि धडधाकट लागतो त्यामुळे त्याची काळजी पण मनापासून घेतली जाते. नंतर मटणाचे तीन वाटे, घरचा, नातेवाइकांचा, गरिबांचा. पोरं रडत नाहीत असं नाही, शेजारी बघितलंय, रडतात. पण त्यांना कोणी फसवलेलं नसतं.

पोरांना सांगायचं कसं

"राजा मामाकडे गेला" असं सांगू नका. एक तर मामा पुढच्या वेळी येतोच, आणि दुसरं म्हणजे कुठलंतरी मोठं भावंड खरं सांगतंच. चारपाच वर्षांच्या पोराला फार समजावून उपयोग नाही, त्याला एवढंच की आपण कोंबडे खातो, हा खायचा आहे, ही राहायची आहे. आठनऊ वर्षांच्या पुढे प्रश्न येतात आणि ते अवघड असतात, "मग मोती कुत्र्याला का नाही खात?" खरं उत्तर द्या की आपल्याकडे नाही खात, नागालँडसारख्या ठिकाणी काही लोक खातात, आणि आपण जे खातो ते न खाणारी माणसं पण खूप आहेत. सवयीचा आणि रीतीचा भाग आहे. पोरांना पटत नाही ते, पण खोटं पण वाटत नाही.

सांगायची वेळ महत्त्वाची. आदल्या दिवशी किंवा सकाळी, ताटावर बसल्यावर नाही. बघायला लावू नका आणि बघायचं म्हटलं तर हाकलू पण नका, लांबून बघू दे. खायची सक्ती अजिबात नको. आणि प्रत्येक घरात एक काका असतो जो पोराच्या तोंडापुढे तंगडी नाचवून म्हणतो "बघ हा तुझा राजा", त्याला आधीच बाजूला घेऊन दम द्या, मी खरंच सांगते, एवढ्या एका वाक्याने पोरं वर्षानुवर्षं आजोळी यायला कुरकुरतात. त्या दिवशी वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं पण करा, तोच वाटपाचा मसाला, तेच वडे, पोराला वेगळं पाडल्यासारखं वाटत नाही आणि दोनचार मोठी माणसं पण गुपचूप तेच घेतात.

मासे मात्र कोणी मोजत नाही

कोंबड्यासाठी रडलेलं पोर दुसऱ्या दिवशी बांगड्याचं तिखलं भुरकतं. चिंबोरी तर आपण जिवंत आणतो, नांग्या बांधून, आणि घरात फिश टँक पण असतो, त्यातला मेला की शोक. मला यात पोरांचा दोष दिसत नाही. ज्याचा आवाज येत नाही, डोळे मिटत नाहीत, कुशीत येत नाही, त्याच्याशी आपण जोडले जात नाही एवढंच.

यावर अभ्यास पण झालाय, २०१० साली लॉनन, हॅस्लम आणि बॅस्टियन या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना सुकवलेलं बीफ खायला दिलं आणि काहींना काजू, आणि मग गाईबद्दल विचारलं. बीफ खाल्लेल्यांनी गाईची कदर करायला हवी याला कमी महत्त्व दिलं, आणि त्यातून तिला दुःख कळतं हेही कमी मानलं. म्हणजे आधी ठरतं काय खायचं, आणि मग त्या जनावराला अक्कल किती हे आपण आपल्या सोयीने ठरवतो. (आता आमच्याकडे काजू ढीगभर खातात, तरी कोंबडीबद्दल फार हळवे झालेले कोणी दिसत नाहीत, ते सोडा.) सांगायचा मुद्दा काय, "कोंबडीला काही कळत नाही" हे वाक्य घरात वापरू नका. कळतं तिला. घार दिसली की आवाज वेगळा काढते, मुंगूस दिसला की वेगळा. हे कबूल करून पण खाता येतं, आणि मग निदान हाल करायला हात धजावत नाही.

पाळीव म्हटलं म्हणजे सुख असं नाही

हे मला सगळ्यात जास्त खटकतं. आमच्याकडे कित्येक घरांत कुत्रा "आमचा" असतो आणि रात्री अंगणात साखळीला बांधलेला असतो, बिबट्याचा वावर आहे हे माहीत असून. सुटा असता तर निदान पळाला असता. रात्री कुत्रा पडवीत दार लावून किंवा मांगरात (शेतातल्या खोपटात) घ्या, नाहीतर पाळू नका. पिंजऱ्यातला पोपट त्याहून वाईट, लाडाने मिठू मिठू करायचं आणि पंख पसरता येत नाहीत एवढ्या जागेत वर्षं काढायला लावायची. आपल्याकडचे रानातले पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. त्याच्या तुलनेत खायचा म्हणून ठेवलेला गावठी कोंबडा सहा महिने आंब्याखाली वाळवी उकरत मजेत असतो. आणि राजासाठी रडणारे आपण सगळे नाक्यावरचा ब्रॉयलर निर्धास्त खातो कारण तो आपण कधी बघितलेला नसतो.

मांजरीचं पण सांगते. मांजर पूर्ण मांसाहारी आहे, तिला टॉरीन नावाचा घटक मांसमच्छीतूनच मिळतो, नाही मिळाला तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतं. शाकाहारी घरात नुसत्या दहीभातावर मांजर ठेवणं म्हणजे भूतदया नाही. माशाची मुंडकी उकडून घाला. कुत्र्याला मात्र शिजलेली कोंबडीची हाडं घालू नका, ती तुटून टोकदार होतात आणि घशात किंवा आतड्यात अडकतात.

त्या दिवशी

आदल्या रात्रीपासून दाणे बंद, पाणी चालू. पहाटे अंधारात खुराड्यातून उचला, अंधारात कोंबड्या शांत असतात, दिवसा पाठलाग करून पकडू नका, तो धिंगाणा पोरं बघतात आणि बाकीची जनावरं बिथरतात. दोन्ही पंख अंगाशी दाबून धरा. पाय बांधून उलटा लटकवून स्कूटरवरून नेणं आपल्याकडे सर्रास चालतं, ते बंद करा, डालग्यात किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात न्या. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात खाण्यासाठी मारायला मनाई नाही, धर्माच्या रीतीने मारायला पण कलम २८ ने सूट आहे, पण विनाकारण वेदना देणं, त्रास होईल असं वाहून नेणं हा गुन्हा आहे. सुरी धारदार हवी, बाकीच्या कोंबड्यांच्या नजरेआड करा, आणि ज्याला यात मजा वाटते त्याच्या हातात सुरी देऊ नका. घरात कोणाचाच हात होत नसेल तर दुकानात नेऊन द्या, त्यात कमीपणा नाही.

आणि आजारी कोंबडी "मरायच्या आधी कापून टाकूया" ही सवय मोडा. औषध चालू असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस मांस-अंडी खायची नाहीत. एकदम पटापट मरायला लागल्या तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू झाला होता तो आपल्या महाराष्ट्रातच. मानमोडीची म्हणजे राणीखेतची लस खायच्या आणि पाळायच्या सगळ्यांना, पहिल्या आठवड्यात थेंब डोळ्यात, पुढचे डोस दवाखान्यात विचारून.

जे कुठल्याच यादीत नाहीत

रानातला ससा, डुक्कर, साळिंदर, घोरपड, कासव. खायचं नाही, पाळायचं पण नाही. खायच्या सवयी बदलत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी मंडणगड तालुक्यातलं वेळास बघावं, तिथे समुद्री कासवांची अंडी लोक उकरून नेत, खात, विकत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि आता पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक पैसे भरून येतात, गावात राहतात, जेवतात. ताटातून बाहेर काढलेलं जनावर गावाला जगवू पण शकतं.

गाय-बैलाचं थोडक्यात, १९७६ चा गोहत्याबंदीचा कायदा २०१५ पासून बैलांना पण लागू आहे, त्यामुळे पाडा झाला आणि घरात पॉवर टिलर असेल तर त्याला आयुष्यभर पोसायची तयारी ठेवा. हायवेवर सोडून देणं हा उपाय नाही, रात्री त्यावर बाइकवाले आपटतात.

माफीचा कोंबडा डोईजड झाला तर

हे होतंच. दीडदोन वर्षांनी त्याच्या पायाला आऱ्या येतात, लांब आणि टोकदार, आणि तोच राजा ज्याने नाव ठेवलं त्याच पोराच्या पोटरीवर उडी मारतो. आऱ्यांचं टोक नेल फाइलने थोडं थोडं घासा, मुळाशी रक्तवाहिनी असते, तिथपर्यंत जाऊ नका. पोर आत येताना हातात झाडू ठेवू दे, मारायला नाही, मध्ये धरायला. तरी नाही ऐकला तर दुसऱ्या वाडीत ज्यांना माद्यांसाठी नर हवाय त्यांना द्या, देताना स्पष्ट बोला की कापायला देत नाही, पैसे घेऊ नका म्हणजे शब्द धरता येतो. पोराला सांगून द्या, त्याला बरोबर न्या. आणि एकदा दिला की दर सणाला फोन करून "आमचो राजा आसा मां?" असं विचारत बसू नका, समोरच्याला उगाच खोटं बोलायला लागतं.